झोपेत गेला, म्हणे भाग्यवान!

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून त्याच्यासमोर उभी होते. सुनंदा म्हणजे माझ्या चुलतभावाची, गजाननची बायको. ‘‘ताई, हे उठून नाई राहिले,’’ एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. मागून काकूंचा, गजूच्या आईचा आवाज येत होता... ‘‘उठ ना रे बाप्पा. गजू, उठ ना.’’ अमरावतीहून निघून अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या बोळात मी शिरले, तेव्हा दुकानापुढे नुकता रंग दिलेल्या कूलरच्या पत्र्याच्या पेट्या एकीवर एक रचलेल्या होत्या आणि माणसं कपड्यांना रंग लागू नये म्हणून अंग चोरून उभी होती. गजूला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. हनुवटीखालून डोक्यावर पांढरं फडकं बांधलेलं, दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे. माझ्या या भावाचं तोंड असं घट्ट मिटलेलं मी कित्येक वर्षांनी पाहत होते. जन्मभर ज्या नाकाकडे कुणी धड बघितलं नाही, त्या नाकाची व्यवस्था लोकांनी सगळ्यात आधी करून टाकली होती. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

‘झोपेतच गेला, भाग्यवान!’ हे वाक्य त्या दिवशी मी किती तोंडांतून ऐकलं, त्याची मोजदाद नाही. ‘‘ना दवाखाना, ना कोनाची सेवा. पुण्य असलं तं असं मरन भेटते व,’’ एक दूरची मावशी सुनंदाचा हात हातात धरून सांगत होती आणि सुनंदा तिच्याकडे वेड्यासारखी बघत होती. अहो, पन्नाशी न गाठलेला माणूस. ऐन सीझन तोंडावर आलेला. सकाळी उठून कूलरमध्ये पंप बसवायचे म्हणून पाने-पेचकस जागच्या जागी ठेवून तो झोपतो आणि उठत नाही. यात भाग्य नेमकं कोणाचं? डॉक्टरांनी कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं. बरोबरच आहे, शेवटी हृदय बंद पडतंच. ते कशानं थकलं होतं, हे लिहायला त्या कागदावर जागा नसते. त्या दिवशी काकूंकडे बघून मी गप्प राहिले. आता महिना उलटून गेला आहे आणि गप्प राहायचं काही कारण उरलेलं नाही. गजूचा श्वास झोपेत अडकायचा. वर्षानुवर्षं अडकायचा. आणि आमचं सारं गणगोत त्यावर पोट धरून हसायचं.

गजू माझ्याहून बारा वर्षांनी लहान. माझे वडील आणि काका, दोघांचीही बिऱ्हाडं तेव्हा बार्शीटाकळीला शेजारी-शेजारी होती. गजू दुसरीत असताना विटीदांडू खेळताना विट्टी त्याच्या नाकावर बसली. शर्ट रक्तानं भिजला. काकूंनी हळद भरली, कांदा फोडून हुंगवला, आणि दोन दिवसांनी सूज उतरली तेव्हा नाक डावीकडे कललेलं दिसलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. याला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून मी काकांच्या मागे लागले, तर काका म्हणाले, ‘‘पोट्ट्याच्या नाकाले काय होते? पोट्टी असती तं लग्नाची फिकीर केली असती.’’ घरातल्या बायकांनीही माना डोलावल्या. आमच्याकडे पोरीचं नाक म्हणजे स्थळाचा प्रश्न आणि पोराचं नाक म्हणजे चष्मा ठेवायची जागा. नाकाला आणखीही काही काम असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. माझ्या गजूची जन्मभराची ओढाताण या एका वाक्यावर ठरली. आजही ते आठवलं की अंगाची आग होते.

तेव्हापासून गजूचं तोंड उघडं राहू लागलं. ओठ कायम फुटलेले, सकाळी घसा कोरडा, उशाशी पाण्याचा तांब्या. ‘तोंड मिट, माशी जाईल’ हे त्याला जो तो सांगायचा. अरे, पण मिटल्यावर त्यानं श्वास घ्यायचा कुठून, हे कुणी सांगत नव्हतं. शाळेत तर विचारूच नका. रात्रभर धड झोप नसलेलं पोर वर्गात पेंगणारच. ‘आ’ करून फळ्याकडे बघणारा मुलगा म्हणजे मठ्ठ, हे मास्तरांनी एका नजरेत ठरवून टाकलं आणि शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. हाच मुलगा घरी माझा बंद पडलेला रेडिओ उघडून, पुसून, पुन्हा वाजता करून द्यायचा. पण दहावीत दोनदा आपटल्यावर काका म्हणाले, ‘‘डोकंच नाई त्याले.’’ पुढे मी अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. चेहरा लांबोळा झालेली, पुढचे दात वर आलेली, उघड्या तोंडाची पोरं दरवर्षी माझ्या वर्गात दिसायची, आणि प्रत्येकाच्या जागी मला गजू दिसायचा. मी आईबापांना बोलावून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवायची. काही जायचे. काही मला तोंडावर ‘बरं मॅडम’ म्हणून बाहेर जाऊन हसायचे.

गजूनं अकोल्यात कूलरचं काम धरलं आणि त्या कामात तो पक्का तरबेज झाला. पत्रा कापणं, पंप, मोटर, आणि कूलरच्या तिन्ही बाजूंना भरतात ते लाकडाच्या किसाचं गवत. पुढे सगळं कुटुंबच जुन्या शहरात आलं. खाली दुकान, मागे घर, वर गवताच्या गठ्ठ्यांचं गोदाम. त्या गवताची धूळ त्याच्या उरल्यासुरल्या नाकपुडीत जायची. तिशी ओलांडते न ओलांडते तोच त्याच्या दाढा किडून पडायला लागल्या. तोंड कोरडं राहिलं की दातांचं संरक्षण करणारी लाळच उरत नाही, हे साधं कारण होतं. पण लोकांनी निकाल लावला, ‘खर्रा खात असेल.’ ज्या माणसानं जन्मात तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्र्याची पुडी हातात धरली नाही, त्याला! गजूला विचारलं तर म्हणायचा, ‘‘जाऊ दे ना व ताई. खानारे मानसं वाईट थोडीच असतात?’’ त्याच्या या ‘जाऊ दे’चा मला फार राग यायचा. अजूनही येतो.

दरवर्षी मार्च संपता संपता तो माझ्या घरी अमरावतीला यायचा. गवत बदलायचा, पंपाला ग्रीस लावायचा, टाकी खरवडून धुवायचा आणि माझ्या हातची वांग्याची भाजी जेवून परत जायचा. एका वर्षी तो दुपार टळली तरी आला नाही. मग फोन आला.

‘‘ताई, चिडू नको. मी मोझरीले हाय.’’

‘‘मोझरीले कायले गेला रे?’’

‘‘गेलो नाई व. आलो.’’

नागपूरच्या गाडीत बसल्या बसल्या झोप लागली, अमरावती आली आणि गेली, कंडक्टरनं हलवून उठवलं ते थेट गुरुकुंज मोझरीला. मग हा शांतपणे आश्रमात जाऊन बसला, संध्याकाळची प्रार्थना करून परतीच्या गाडीनं माझ्याकडे आला, आणि वर मला सांगतो, ‘‘प्रार्थनेतही डोया लागला व. पन तिथं कोनी हासलं नाई.’’ हे शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. घरात मात्र हा किस्सा पुढची कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितला गेला. दिवसाढवळ्या बसल्या जागी झोपणारा माणूस रात्री कसा झोपत असेल, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

रात्री तो घोरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं ‘जिनिंग’. सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांची घरघर ऐकत वाढलेली, कापसाच्या मुलखातली माणसं आम्ही, आम्हाला दुसरं काय सुचणार? ‘जिनिंग सुरू झाली’, ‘आज दोन पाळ्यांत चालली’, असं बोललं जायचं. घोरणारा माणूस म्हणजे खाऊन-पिऊन सुखी, गाढ झोपणारा माणूस, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की त्याबद्दल बायको तक्रार करायला लागली तर लोक तिलाच समजावतात. बार्शीटाकळीला एका लग्नात पंगती उठल्यावर पुरुषमंडळी मांडवात सतरंज्यांवर आडवी झाली. गजूलाही झोप लागली. भाचेपुतण्यांनी मोबाइल काढले आणि तो व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आला. मी तो अमरावतीला घरी बसून पाहिला. गजू उताणा, तोंड उघडं. घोरण्याचा आवाज चढत जातो आणि मध्येच एकदम थांबतो. छाती हलते आहे, पोट ओढलं जातं आहे, पण हवा आत जात नाही. भोवतीची पोरं एका सुरात आकडे मोजत आहेत... आणि मग एकदम घशातून मोठा खरखराट होऊन तो श्वास ओढतो, सगळं अंग दचकतं, आणि पोरं टाळ्या पिटतात. ‘‘आली! लाइन आली!’’ त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. थोरामोठ्यांची सुद्धा. पाण्यात बुडणारा माणूस वर येऊन श्वास घेतो, तसा तो घेत होता, आणि काठावर उभे राहून लोक टाळ्या वाजवत होते.

मी दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले आणि गजूला जवळजवळ कॉलर धरून अमरावतीला आणलं. नाक-कान-घशाच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे मी शाळेतली पोरं पाठवायची, त्यांना आधी व्हिडिओ दाखवला. त्या हसल्या नाहीत. आवाज वाढवून पुन्हा लावायला सांगितला. मग गजूला नीट तपासलं. नाकाचं हाड वाकडं, आत मांस वाढलेलं. त्या म्हणाल्या, नाक एकटंच दोषी नाही, मानेचा घेर आहे, जबड्याची ठेवण आहे. पण तोंड उघडून झोपलं की जबडा आणि जीभ मागे पडते, घशाची वाट आधीच अरुंद, ती मिटून जाते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, तेव्हा कुठे श्वास मिळतो. रात्रभर हेच चालू. माणसाला वाटतं आपण झोपलो, आणि हृदय रात्रभर धावत असतं. ‘नाकानं घेतलेली हवा आत जाताना गाळली जाते, ओली होते, गरम होते,’ असं त्या सांगायला लागल्या तेव्हा गजूचा चेहरा उजळला. ‘‘मॅडम, म्हनजे नाक आपल्या आतला कूलरच म्हना ना. फक्त गरम करनारा. माह्या कूलरचं गवत सडलं, अन् मी दार उघडं टाकून हवा खाऊन राहिलो.’’ बाई म्हणाल्या, इतकं सोपं करून मलाही कधी सांगता आलं नाही. मग त्यांनी विचारलं, मुलं आहेत का? झोपताना त्यांची तोंडं उघडी असतात का? गजूचा ओम तेव्हा अकरावीत होता. ‘‘थो तं माह्यावरच गेला,’’ गजू कौतुकानं म्हणाला. ‘‘त्यालाही घेऊन या,’’ बाईंनी बजावलं. परीक्षा झाल्यावर आणतो, असं ठरलं.

झोपेची तपासणी झाली आणि गजूला रात्री लावायचं मशीन मिळालं. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि हवेच्या दाबानं घशाची वाट उघडी ठेवायची. नाकाचं ऑपरेशन सीझन संपल्यावर करायचं होतं. मशीन सुरू झाल्यावर आठवडाभरातच त्याचा सकाळी सकाळी फोन आला. मी घाबरले. पण आवाज हसरा होता. ‘‘ताई, मले सपन पडलं व!’’ बार्शीटाकळीचं घर, आंब्याचं झाड, आणि झाडावर बसलेली मी. कित्येक वर्षांत त्याला स्वप्न पडलं नव्हतं, कारण स्वप्नापर्यंत पोचेल इतकी झोपच मिळत नव्हती. पुढे रोज स्वप्नांची बातमी यायची. दुकानात तो पेंगेनासा झाला, गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहू लागली, सुनंदा म्हणाली की आंघोळीला गेले की गाणी म्हणतात. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या भावाला पहिल्यांदा कळलं की झोपून उठल्यावर माणसाला ताजंतवानं वाटतं. हे ऐकताना मला इतका आनंद झाला होता, आणि त्या आनंदाखाली इतका राग, की दोन्ही एकमेकांपासून सुटेनात.

आणि मग ते मशीन बंद झालं. काका कोरोनात अकोल्याच्या एका दवाखान्यात वारले होते. आत कुणाला सोडत नव्हते. काकूंना त्यांचं शेवटचं दर्शन घडलं ते कुणीतरी पाठवलेल्या मोबाइलवरच्या फोटोत... तोंडावर मास्क, नळी, आणि त्यामागे मिटलेले डोळे. एका सकाळी काकू गजूच्या खोलीत चहा घेऊन गेल्या आणि मास्क लावून निजलेला मुलगा बघून कप टाकून किंचाळल्या. ‘‘थे काढ! थे लावल्यावर मानूस घरी येत नाई.’’ जेवण सोडून बसल्या. गजूनं मशीन पिशवीत भरून माळ्यावर टाकलं. ‘‘मायचा जीव घाबरते व ताई. जाऊ दे.’’ मी अकोल्याला जाऊन काकूंशी भांडले. विज्ञान सांगितलं, डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलायला लावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदराखालून मोबाइल काढून तो फोटो माझ्यासमोर धरला. मी तशीच अमरावतीला परत आले. माझा काकूंवर राग नाही, असं मी लोकांना सांगते. खोटं कशाला लिहू, आहे. आणि तो त्यांच्यासमोर बसलं की विरघळतो, हेही खरं आहे.

मशीन गेलं आणि सल्लागार आले. ज्यांनी वर्षानुवर्षं फक्त हसायचं काम केलं होतं, त्यांना अचानक उपाय सुचू लागले. निवृत्तीनंतर योगवर्ग घेणाऱ्या एका मामांनी अनुलोम-विलोम सांगितलं. आता ज्याची एक नाकपुडी लहानपणापासून बंद आहे, त्यानं दुसरी अंगठ्यानं दाबून काय करायचं? गजूनं आज्ञाधारकपणे दाबली आणि डोळे पांढरे केले. मामा म्हणाले, श्रद्धा कमी पडते. मग एका पुतण्यानं रील पाठवली, रात्री तोंडाला पट्टी चिकटवून झोपा, नाकानं श्वास आपोआप सुरू होतो! परदेशात म्हणे सगळे करतात. डॉक्टरांचं ऐकायला ज्यांना फुरसत नव्हती, त्यांनी ती रील एकमेकांना धाडली. गजूनं दुपारी दुकानातली चिकटपट्टी तोंडाला लावून पाहिली आणि काही क्षणांतच ओरबाडून काढली, ओठाची साल निघाली. मला कळलं तेव्हा मी त्या पुतण्याला फोन करून जे झापलं, त्यानंतर त्यानं मला ग्रुपमधून काढून टाकलं. बरंच झालं. ज्याचं नाक मोकळं आहे, त्यानं तोंड मिटून श्वास घ्यावा, जरूर घ्यावा, त्यासारखं औषध नाही. पण ज्याचं नाकच बंद आहे, त्याचं तोंड बांधणं हा उपाय नव्हे.

सीझन संपला, तरी गजूचं ऑपरेशन आणि ओमची तपासणी पुढेच ढकलली गेली. ओम बारावीत गेला, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास सुरू झाला. अकोल्यात तर या परीक्षेपुढे देवसुद्धा आवाज खाली करून बोलत असेल. घर लहान, भिंती पातळ, आणि गजूचं घोरणं पुन्हा पहिल्यासारखं. कुणीतरी सुचवलं, गजूनं वर गोदामात झोपावं, पोराचं वर्ष आहे. सगळ्यांना ही व्यवस्था फार समंजस वाटली. गजूला तर सगळ्यात जास्त. गवताचे गठ्ठे सरकवून त्यानं खाट टाकली. ‘‘वरतं मस्त हवा हाय,’’ मला फोनवर म्हणाला. मस्त हवा! ज्याला धुळीनं नाक उघडता येत नाही, त्याला धुळीच्या गठ्ठ्यांमध्ये झोपवलं. मी ओरडले. तो म्हणाला, ‘‘परीक्षेपर्यंतच व. मंग ओमचं नाक दाखवू, माहं ऑपरेशन करू, दोघंही बाप-लेक नाकानं श्वास घेऊ.’’ परीक्षेला अजून अवकाश होता. होळीच्या आठवड्यात एका सकाळी सुनंदा चहाला हाक मारायला वर गेली.

तेराव्याला पुन्हा तीच माणसं, पुन्हा मांडव. जेवणं झाली. कित्येक रात्री डोळ्याला डोळा न लागलेला ओम भिंतीला टेकून बसला होता, तो तिथेच कलंडला. तोंड उघडं पडलं आणि घोरणं सुरू झालं. सगळ्यांनी वळून बघितलं. एका दूरच्या काकांनी डोळे पुसत म्हटलं, ‘‘बापाचा आवाज हाय बाप्पा... जिनिंगचा वारसदार.’’ बायकांच्या चेहऱ्यांवर मायेचं हसू आलं, आणि एकानं खिशातून मोबाइल काढला. मी तो हिसकावला. त्यानंतर मी मांडवात जे बोलले, ते छापण्यासारखं नाही. आमच्याकडे तेराव्याला असं कुणी बोलत नाही, हे मला नंतर चार जणांनी ऐकवलं. ऐकवू देत. गोंधळानं ओम जागा झाला आणि बावरून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘‘आत्या, माह्यामुळंच गेले ना बाबा वर झोपाले?’’ श्वसनाचा धडा या पोराला तोंडपाठ आहे. फुप्फुसातल्या वायुकोशांची चित्रं तो डोळे मिटून काढतो. पण त्या तेरा दिवसांत ‘सुखाचं मरण, भाग्यवान’ असं सांगायला घरी आलेल्यांपैकी एकालाही या मुलाला हे सांगावंसं वाटलं नाही की बाळा, यात तुझी चूक नाही. मी त्याला जवळ घेऊन सांगितलं. तुझा बाप तू बारावीत नव्हतास तेव्हापासून, तू जन्मलाही नव्हतास तेव्हापासून श्वासासाठी झगडत होता, ते आम्हा मोठ्यांना दिसलं नाही. तू फक्त एक कर, माझ्याबरोबर अमरावतीला चल. काकू मध्ये पडतील असं वाटलं होतं. त्या आपल्या जागेवरून उठल्या, ओमची चप्पल शोधून त्याच्यासमोर ठेवली आणि आत गेल्या.

ओमच्या नाकाच्या आत वाढलेल्या गाठी आहेत, शिवाय हाडही थोडं तिरकं. बाईंनी सांगितलं, वय लहान आहे, हृदयाला अजून काही झालेलं नाही, वेळेत आलात. ऑपरेशन परीक्षेनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं आहे. तारीख मी स्वतः घेतली, आणि या वेळी ‘सीझन संपल्यावर’ असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं आधी माझ्याशी बोलावं. ‘मशीन सुरू राहिलं असतं तर गजूचं काय झालं असतं?’ असंही मी बाईंना विचारलं. ‘खात्रीनं सांगता येत नाही, पण त्यांच्यापाशी वेळ होता,’ त्या म्हणाल्या. वेळ होता! आणि लोक मला भाग्य सांगतात.

तपासणीसाठी सुनंदाही ओमबरोबर माझ्याकडे आली होती. दुपारी ओम आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसला आणि आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत गादी टाकून पडलो. ऊन मरणाचं होतं. सुनंदा छताकडे बघत म्हणाली, ‘‘ताई, तुमाले एक सांगू? मले झोपीतही समजे, त्यायचा श्वास थांबला का. माहा हात आपोआप जाये खांद्यावर. हलवलं की घेत. लग्न झालं तवापासून असंच. मी कोनाले सांगतलं नाई. मले वाटे, सगळ्याच बायका करत असतीन.’’ मी तिच्याकडे वळले. ती पुढे म्हणाली, ‘‘वर गोदामात कोन होतं हलवाले?’’ आणि कूस बदलून तिनं डोळे मिटले. कित्येक दिवसांनी तिला झोप लागत होती.

मी जागीच होते. या सगळ्यांवरचा राग, गजूच्या त्या ‘जाऊ दे’वरचा राग, काही केल्या निवत नव्हता. श्वास रोखून मी पडले होते, हे माझ्याही लक्षात नव्हतं. एवढ्यात सुनंदाचा हात आला आणि त्यानं माझा खांदा धरून हलवला. तिचे डोळे मिटलेले होते. ‘‘अहो,’’ ती झोपेत पुटपुटली, ‘‘घ्या ना...’’ मी तोंड मिटलं आणि नाकानं श्वास घेतला. लांब, तिला ऐकू जाईल इतका मोठा. तिचा हात सैल पडला, पण खांद्यावरून निघाला नाही. ती उठेपर्यंत मी तशीच, आवाज करत श्वास घेत पडून राहिले.